जुमाशचं नाव

फ्रुंझे, १४ एप्रिल १९७४

प्रिय सायराकान एजे,

सप्रेम सलाम, विनंती विशेष. ताई, तू पाठवलेले कुरुत, ते सुक्या दह्याचे गोळे, पोरांनी दोन दिवसांत चघळून संपवले. आता मोठी बातमी. गेल्या शरदात तुम्ही कड्यावरून आणून दिलेल्या कंदांना फुलं आली. पांढरी, आतून जांभळट. आठवडाभर पुस्तकं आणि वाळवलेले नमुने धुंडाळले. एजे, हे ट्यूलिप जगात कुणी नोंदवलेलंच नाही.

पण नवी जात जाहीर करायची तर पिकलेलं बोंडही हवं. जुलैत आमच्या भाऊजींना, जुमाश जेझ्देंना, त्याच कड्यावर पाठव. वनरक्षकाची नोकरी करून वर बायकोच्या भावासाठी कडे चढणारा बोकड व्हायचं, असं कुरकुरतील. त्यांना सांग, फुलाला त्यांचंच नाव देणार. लॅटिनमध्ये ‘जुमाशी’. माणसं पुस्तकं वाचतील तोवर राहील.

भाचीला, सोनुनबूला, पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
मिक्तीबेक

कारा-बुलाक, ३ ऑगस्ट १९७४

चि. मिक्तीबेक यास अनेक आशीर्वाद.

तार तुला उशिरा मिळाली, म्हणून तू मातीला पोचला नाहीस. त्याचा राग नाही. झालं ते सांगते. १७ जुलैला जुमाश उजाडताच चढला. बोंडं मिळाली. उतरताना पायाखालचा दगड निसटला. मेंढपाळांनी घोड्यावर घालून आणलं. तीन दिवस होता. शुद्धीवर आला की पिशवीची चौकशी करायचा. ती शर्टाच्या आत बांधलेली होती, एकही बोंड फुटलं नव्हतं. ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे.

शेवटच्या दिवशी म्हणाला, तुझ्या भावाला नाव नीट लिहायला सांग, कचेरीतले नेहमी चुकवतात. सोनुनबू आता वहीत ते लॅटिन नाव गिरवत बसते.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला ये. आम्हाला आता तुझाच आधार आहे, तेवढी आठवण ठेव.

सायराकान

फ्रुंझे, २० नोव्हेंबर १९७५

प्रिय एजे,

सप्रेम सलाम. हे पत्र किती दिवस टाळलं, ते मलाच माहीत. आपलं फूल छापून आलं. नाव ‘बेकतूरोवी’. बेकतूरोव आमच्या वनस्पती संस्थेचे संचालक. मसुदा त्यांच्या टेबलावरून परत आला तो जेझ्देंचं नाव खोडूनच. म्हणाले, वनरक्षकाला कोण ओळखतं? माझी बढती त्यांच्या सहीवर अडली होती. मी गप्प बसलो.

आता इलाज नाही. एकदा रीतसर छापलेलं नाव, ज्याने दिलं त्यालाही बदलता येत नाही, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे. पण ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून ही जात ठरली, त्यावर गोळा करणारा म्हणून जेझ्देंचंच नाव आहे. आमच्यात तोही मान मोठा असतो. सोनुनबूला समजावून सांग.

रागाव, पण टाकू नकोस.

मिक्तीबेक

कारा-बुलाक, ३० मे १९७६

मिक्तीबेक,

सलाम. आम्ही बऱ्या आहोत. सोनुनबूच्या प्रवेश परीक्षेसाठी फ्रुंझेला येऊन गेलो. तुला कळवलं नाही. पोरीला बापाचं नाव डोळ्यांनी बघायचं होतं. तुमच्या संस्थेत वाळवलेल्या झाडांच्या दालनात झिनाइदा म्हणून म्हातारी रशियन बाई आहे. तिने आम्हाला बसवलं आणि लाल पुठ्ठ्याची घडी उघडली. फूल भुरं पडलंय. बोंडं तशीच आहेत. खाली चिठ्ठी. कारा-बुलाकचा कडा, १७ जुलै, आणि गोळा करणारा म्हणून मिक्तीबेक असिलोव.

संचालकाने नाव खोडलं, हे मी मानलं. वर साहेब बसला की माणूस वाकतो. पण ही चिठ्ठी तुझ्या हातची आहे. तुझं अक्षर मीच वळवलंय, मला ओळखायला वेळ लागला नाही. आणि १७ जुलैला तू पोरांना घेऊन इसिक-कूल तलावाच्या पाण्यात डुंबत होतास. तिथून पाठवलेलं कार्ड अजून घरात आहे.

सोनुनबूने चिठ्ठी दोनदा वाचली.

निघताना झिनाइदाने विचारलं, तुम्ही असिलोवांच्या कोण लागता? मी म्हटलं, कुणी नाही.

सायराकान

फ्रुंझे, ९ मार्च १९७९

प्रिय एजे,

सप्रेम सलाम. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. चूक कबूल आहे. प्रबंधात नमुने मीच गोळा केलेत असं दाखवायचं होतं, म्हणून हात घसरला. गेल्या उन्हाळ्यात बेकतूरोव निवृत्त झाले, त्यांची खुर्ची मला मिळाली. जुन्या चिठ्ठीखाली दुरुस्तीची चिठ्ठी डकवता येते. माझ्या मनात आहे.

आणखी एक. कड्यामागे फिकट पिवळं ट्यूलिप असल्याचं मेंढपाळांकडून कानावर आलं. चार कंद पाठवशील का? याला ‘जुमाशी’च नाव देईन. आता अडवणारं कुणी नाही.

पूर्वीची माया थोडी तरी उरली असेल, या आशेवर.

मिक्तीबेक

कारा-बुलाक, २ एप्रिल १९७९

मिक्तीबेक,

पिवळं फूल आहे. लग्नाच्या वर्षी जुमाशने मला दाखवलं होतं. कुठे, ते तुला कळायचं नाही. मेंढपाळांनाही बजावलंय.

दुरुस्तीची चिठ्ठी तुझ्या मनात आहे म्हणतोस. खुर्ची मिळून आठ-नऊ महिने झाले. डिंक लावायला किती वेळ लागतो?

जुमाश नावासाठी चढला, असं समजू नकोस. नाव छापतात ते कुठे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. बायकोच्या भावाने सांगितलं, म्हणून चढला.

सोनुनबूचं लग्न सप्टेंबरात आहे. मुलीची पाठवणी करायला मामा उभा राहतो. ते काम शेजारच्या ओसमोनने पत्करलंय. तू येऊ नकोस.

सायराकान