कणकण

सोमवार, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

मी बरी आहे, म्हणजे तशी बरी. तू कसा आहेस हे विचारत नाही, येणारा-जाणारा प्रत्येकजण तेच विचारत असेल. फोनवर बोललास की तुला धाप लागते असं वहिनी म्हणाली, म्हणून पत्र. ती वाचून दाखवणार असेल तर तिलाही नमस्कार, आणि माझ्या अक्षराला हसू नये.

मी आता एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे, तळघरात. छपाईचं काम सोडलं. का ते विचारू नकोस, सोडलं. इथे चादरी इस्त्री करायला एक मोठा गरम रूळ आहे. एका बाजूने मी ओली चादर आत सोडते, पलीकडून मावशी ओढून घेते. मावशी म्हणजे कोणाचीच मावशी नाही, पण सगळे तसंच म्हणतात. माणूस कसा झोपतो ते चादर सांगते असं तिचं म्हणणं. परवा एक अशी आली, की झोपणारा रात्रभर गोल गोल फिरत असावा. मावशी म्हणाली, "ही तुझीच असणार." असो, भरकटले.

लशीचं. वहिनीने मला सगळं दोनदा समजावलंय. औषधांनी तुझ्या अंगातली झुंजायची ताकद सध्या गेलीय, म्हणून तुझ्याजवळ राहायला येणाऱ्याने फ्लूची लस घेतलेली हवी, आणि घेऊन दोन आठवडे झालेले हवेत. वहिनीची रजा महिनाअखेरीला संपते, मग दिवसभर तुझ्यापाशी मी. म्हणजे लस ह्याच आठवड्यात. एवढं कळतं मला.

पण काय झालंय, कालपासून अंगात कणकण आहे. नाक गळतंय, घसा खवखवतोय. अशा अंगाने लस घ्यावी का? उलटली म्हणजे? मावशीला विचारलं तर म्हणते, "नाक गळतंय तर हात कशाला लपवतेस? सुई काय नाकात देतात?" तिला काय जातंय बोलायला. मला वाटतं जरा थांबावं, पूर्ण बरं व्हावं, मग बघू. तोवर वहिनीच्या आईला येता येईल का? त्यांच्या गुडघ्यांचं माहीत आहे मला, तरीपण.

जप स्वतःला.

तुझी भिंगरी


गुरुवार, संध्याकाळ

दादा,

हे तू स्वतः वाच. वहिनीने विचारलं तर सांग, भिंगरीने नेहमीचंच काहीतरी फालतू लिहिलंय.

आज गेले होते. लस देतात तो दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे, दुसऱ्या मजल्यावर. मी रुळापासून उठून तशीच गेले, घामसुद्धा न पुसता, आणि जिने पळत चढले. सिस्टरने कपाळासमोर ते तापाचं पिस्तूल धरलं, आकडा बघितला, मग मला बघितलं.

"कुठून आलीस?"

"लॉन्ड्रीतून."

"भट्टीतून म्हण. बाहेर बाकावर बस. गार हो, मग परत बघू."

"पण सिस्टर, मला खरंच कणकण आहे."

"कणकण ह्याच्यावर दिसत नाही, बाळ. साधी सर्दी असेल तर लस घ्यायला हरकत नाही. सणसणून ताप असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर थांबायचं. तू तर धाडधाड जिने चढलीस. मी इथून ऐकलं."

बाकावर बसले. समोर एक बाई पोराच्या बुटाची नाडी बांधत होती, आणि ते पोरगं बांधली की सोडत होतं. मला मजा वाटली, बराच वेळ तेच बघत बसले. मग लक्षात आलं, की मी सारखी पालथा हात कपाळाला लावून बघतेय, आणि मनात म्हणतेय, वाढ ना जरा. एक चांगला ताप येऊ दे. तापाने फणफणलेल्या माणसाला कोण काय बोलणार? तूसुद्धा नाही.

वहिनी सांगते, रोज सकाळी थर्मामीटर काढला की तू आधी तिच्या तोंडाकडे बघतोस. उतरला का म्हणून. आणि मी इथे बसून चढायची वाट बघत होते. दादा, त्या बाकावर मला जागच्या जागी विरघळावंसं वाटलं.

सुईला मी घाबरत नाही. मागच्या आठवड्यात व्हिडिओवर तू हसलास आणि चित्र गेलं ना, ते गेलं नव्हतं. मी घालवलं. केस गेलेत हे माहीत होतं मला. भुवयांचं कोणी बोललं नव्हतं. तू हसलास आणि क्षणभर मला कळेचना, की हा हसतोय. मग वाटलं, वहिनी कामावर जाईल, घरात आपण दोघंच, आणि तुला काही झालं तर? दूध उतू जायला लागलं तरी मी आधी फडकं शोधते, गॅस तसाच. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. मोठमोठ्या गावांत मी एकटी राहिले, पण तुझ्या त्या खोलीत एक दुपार काढायची म्हटलं की मी निमित्त शोधते. म्हणून ती कणकण. सर्दी होती, खोटं नाही, पण मी तिला धरून बसले होते.

सिस्टरने परत बोलावलं. "ताप नाही. घेतेस की जातेस? मागे माणसं आहेत."

मी विचारलं, "हिच्याने भीती जाते का?"

"तसली लस निघाली तर आधी मी घेईन," ती म्हणाली. "बाही वर कर."

केली.

आता हात ठणकतोय. मावशीने उरलेला दिवस बाजू बदलून घेतली, ओल्या चादरी स्वतः उचलल्या, आणि त्याबद्दल सुट्टी होईपर्यंत टोमणे मारले. "महाराणी टोचून आल्यात." मुकादमाला सांगितलं, दोन आठवडे आहे, मग भावाकडे जातेय. तो म्हणाला, "एवढी टिकशील असं मला पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं." वहिनीच्या आईंना काही कळवू नका, मी लिहिलं ते विसरा. सर्दी तोवर जाईल. नाही गेली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तुझ्या दाराशी येणार नाही.

आणि आले, की दार वहिनीला उघडू दे. तू पलंगावरच राहा. मी आधी स्वयंपाकघरात जाईन. हात धुईन, मग उगाच परत धुईन, काहीतरी खुडबुड करत राहीन. वेळ लावेन मी. फार लावला तर मला हाक मार. मोठ्याने नको, धाप लागेल. नुसतं नाव घेतलंस तरी मला ऐकू येईल, आणि मी येईन.

घाबरलेली आणि निघालेली,
भिंगरी