चौदा उठाबशा

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्र. सोबत दवाखान्यातला कागद आहे. म्हातारपणी पडण्याचा धोका कितपत, हे त्यावरून आपलं आपल्यालाच घरी तपासता येतं. बारा प्रश्न आहेत : वर्षभरात पडलात का, चालताना भिंत धरता का, वगैरे. 'हो' किंवा 'नाही' लिही. शेवटी हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायचं-बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते मोजायचं.

वहिनी गेल्यापासून तू वर्कशॉपमध्ये एकटा, भोवती करवती आणि पटाशा. माझ्या जिवाला घोर लागलेला असतो. कागदात काही गडबड निघाली, तर तिथे कुलूप ठोकून तुला इकडे आणणार आहे.

माया असू दे, पण कागद आधी धाड.
तुझी ठमी

ता. ११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कागद भरला. बाराही ठिकाणी 'नाही'. उठाबशा चौदा! शहात्तराव्या वर्षी चौदा, कळलं ना? मास्तरांनी कान धरून करून घेतलेल्या आज कामाला आल्या. तुझ्या किती? शर्यतीत तू कायम मागे असायचीस, म्हणून विचारतो.

कुलूप तुझ्या तोंडाला लाव. हातात एका कपाटाचं पॉलिश आहे.

लेकीला आशीर्वाद. लोभ आहे, तो वाढव.
दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चौदा वाचून जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगू, रागही आला. चार वर्षांनी मोठा तू, आणि माझ्या सहाच! दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, काठी घ्या, व्यायाम शिकायला या. मी म्हटलं, माझा दादा काठीवाचून चौदा काढतो, मला कशाला काठी?

लेक कामावर गेली की सराव करते. खुर्ची भिंतीला टेकवा असं लिहिलंय, पण तिथून घड्याळ दिसत नाही, म्हणून मधोमध ओढून घेते. काल आठ झाल्या. चैन कसली ती नाही. भाजी निवडता निवडता मध्येच उठून बघते.

चौदा झाल्या की कळवीनच. तोवर लोभ सांभाळून ठेव.
ठमी

ता. २० मार्च

ती. मामास,
सा. न.

आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी लिहिते. मंगळवारी उठाबशा काढताना खुर्ची मागे सरकली आणि आई फरशीवर आपटली. मनगट मोडलं. कंबर वाचली, थोडक्यात निभावलं. मी जेवायच्या सुट्टीत घरी आले तोवर तासभर तशीच पडून होती.

आता ती पलंगावरून उठायलाच भिते. काठी आणली तर भिरकावून दिली. दादा घेतो का काठी, म्हणते. डॉक्टर म्हणतात, अशीच पडून राहिली तर पायांतलं बळ जाईल. तुमचं ती ऐकेल. काहीतरी लिहा.

आपला लोभ आहेच, आज त्याची फार गरज आहे.
तुमची भाची

ता. २४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

लेकीचं पत्र चारदा वाचलं. हातात रंधा धरवत नाही.

त्या चौदा खोट्या. आधी चारच झाल्या होत्या. पाचव्यांदा उठताच येईना. मग मी सुतार माणूस, खुर्चीच्या चारी पायांखाली चार-चार बोटांचे ठोकळे ठोकले. तेवढ्या उंचावरून कोणीही चौदा काढेल. तू कुलूप लावशील या भीतीने केलं. बाराच्या बारा 'नाही'ही थापाच. वर्षात दोनदा पडलो, एकदा पटाशीपासून वीतभर अंतरावर. भिंत धरून चालतो. पॉलिशच्या बोटांचा पट्टा उमटलाय भिंतीवर, दाराजवळ तर चांगलाच काळा.

माझ्या फुशारकीपायी तुझा हात मोडला, ठमे. माफ कर म्हणायला तोंड नाही.

ठोकळे काढले. काल दवाखान्यात, त्यांच्या खुर्चीवर मोजून घेतलं. चारच. दोन काठ्या केल्यात, एक माझ्या मापाची, एक तुझ्या. तुझी पोस्टाने पाठवत नाही. शनिवारी सकाळच्या बसने येतो, स्टँडपासून माझी टेकत टेकत. कुलपाचं काय ते समोर बसून ठरवू.

लोभ उरला असेल, तर लेकीला धरून का होईना, दार तू उघड.
दादा