बिनसाखरेची खीर

अण्णा,

परवा तुमचं श्राद्ध झालं. यंदा गंगा उतरायला उशीर लागला, पंचगंगा घाटाच्या खालच्या पायऱ्या अजून गाळात आहेत, म्हणून सगळं घरीच केलं. गुरुजी आले, पान झालं, पिंड झाले, कावळाही फार वाट न पाहायला लावता आला. पाहणाऱ्याला काही उणं दिसलं नसतं. तरी परवापासून मी तुमच्या फोटोकडे पाठ करून बसतो आहे, आणि आज सूनबाई भाजी आणायला गेली तेव्हा हे लिहायला घेतलं. सूनबाई म्हणजे तुमची नातसून. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. दुर्गाघाटाच्याच गल्लीत वाढलेली, मराठी घरापुरती बोलते, साखरेला चिनी म्हणते. मुलगा नोकरीसाठी लखनौला असतो, त्यामुळे माझ्या गोळ्या काढून देणं, पोळ्या मोजणं, सकाळी बोटाला सुई टोचून थेंब काढणं हे सगळं तिच्याच अंगावर आहे. होय, तुमचा आजार मलाही झाला. तुमचा तो खणखणीत आवाज काही मला मिळाला नाही, हे मात्र मिळालं.

आता रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला की यंत्रात आकडा उमटतो. तुमच्या वेळी काचेची नळी होती. त्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. आई ती नळी स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, म्हणून तुम्ही गच्चीच्या कोपऱ्यात उकिडवे बसायचा आणि मी दिव्याला वारा लागू नये म्हणून धोतराचा सोगा धरून उभा राहायचो. निळं निळंच राहिलं तर दिवस चांगला. हिरवं आलं तर तुम्ही 'हूं' म्हणायचा. पिवळं आलं की काहीच म्हणायचा नाही. आणि पितृपक्षात ते रोज विटेसारखं लाल व्हायचं. मला तेव्हा ते रंग सुंदर वाटत. आपल्या घरात रोज सकाळी गच्चीवर एक छोटं आभाळ उजाडतं, अशी काहीतरी ओळ मी मनात जुळवत असे. तुमच्या शरीरात काय चाललं आहे याचा विचार त्या ओळीत नव्हता.

घरी तुमच्याइतकं पथ्य पाळणारा माणूस मी पाहिला नाही. बंगाली डॉक्टरांनी भात, साखर, बटाटा बंद सांगितला त्या दिवसापासून आईने जव आणि चण्याची भाकरी सुरू केली. ती घशाखाली उतरत नसे. तुम्ही कारल्याच्या भाजीबरोबर ती मुकाट खायचा आणि वर 'छान झालीय' म्हणायचा. पण पोट भिक्षुकीवर होतं. पितृपक्षात लोक बोलावणार ते जेवायलाच, आणि श्राद्धाच्या पानावर बसलेला ब्राह्मण जेवतो तो स्वतःसाठी जेवत नाही. वाढलेलं टाकायचं नाही, चवीबद्दल चांगलं-वाईट बोलायचं नाही, मुळात बोलायचंच नाही. शेवटी यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात ना, तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, पण कोणत्या घरी पान कधी पडेल हे कोण सांगणार? घेतली आणि उशीर झाला तर अंगाला घाम सुटायचा, हात कापायचे. नाही घेतली तर समोर खीर.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं ते मात्र तुम्हाला मनापासून आवडलं होतं. पाणी उतरलेलं असेल तेव्हा आपण घाटाघाटाने भोसले घाटापर्यंत जायचो. तुम्ही घड्याळ कधी बघितलं नाहीत. जाताना दोन कविता, येताना एक मोठी, असा तुमचा हिशोब. इथे मराठी शाळा नाही, मी शिकलो हिंदीत. म्हणून साताऱ्याहून यात्रेला आलेल्या एका यजमानाला तुम्ही सांगितलंत, दक्षिणा राहू द्या, तुमच्या मुलाची जुनी मराठी पुस्तकं असतील तर पाठवा. ती आली. कुणा अनोळखी मुलाने चित्रांतल्या बायकांना शाईने मिशा काढलेल्या, पानांना हळदीचे डाग. त्या पुस्तकांतल्या कविता मी भोसले घाटाच्या वाटेवर म्हणायचो आणि तुम्ही पंचगंगा घाटाचा चढ चढताना दम लागला की म्हणायचा, "ते कडवं पुन्हा म्हण." कडवं आवडलं म्हणून नव्हे, थांबायला मिळावं म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. आजही चढ आला की माझे ओठ हलायला लागतात. सूनबाई विचारते, "बाबा, कुणाशी बोलताय?"

मग ते रेल्वेच्या साहेबांच्या घरचं श्राद्ध. मला बँकेत लागून थोडेच दिवस झाले होते. दुसरा ब्राह्मण मिळेना म्हणून रविवारी तुम्ही मला बरोबर नेलंत. साहेब चांगलेच होते, आईच्या आठवणीने रडवेले झाले होते. स्वतः खिरीचं भांडं घेऊन फिरत होते. तुमची वाटी संपली तशी त्यांनी पुन्हा भरली. "गुरुजी, माझ्या आईला खीर फार आवडायची." तुम्ही हात आडवा केलात, तोवर भांडं वाकलं होतं. तुम्ही एकदा त्यांच्याकडे पाहिलंत आणि वाटी उचललीत. मी शेजारच्या पानावरून बघत होतो आणि मला तुमची लाज वाटत होती. गल्लीत आल्यावर मी थांबलो. दूधवाला होता, दोन-चार ओळखीची माणसं होती, तरी मी आवाज खाली आणला नाही. "अण्णा, जिभेवर जरा ताबा ठेवा. दुसऱ्याच्या पानावर किती जेवायचं याला काही सुमार?" तुम्ही उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंत. म्हणालात, "पान माझं असतं तर उठलो असतो." आणि पुढे चालायला लागलात. त्या संध्याकाळीही आपण फिरायला गेलो. कविता म्हण, असं तुम्ही म्हणाला नाहीत. मीही आपणहून म्हटली नाही.

पुढे तुमच्या अंगठ्याला ठेच लागली, ती जखम भरेना, चालणं बंद झालं. मी तेव्हा पथ्याचा शिपाई झालो होतो. तुमच्या खाटेशी बसून गोळी, इंजेक्शन, भाकरी, सगळं वेळेवर. एकदा शेजाऱ्यांकडे सण होता. खिडकीतून दूध आटल्याचा, वेलचीचा वास आला. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "काय छान वास येतोय रे." बस, एवढंच. आणि मी उठून खिडकी लावली. आईने माझ्याकडे बघितलं, पण बँकेत जाणाऱ्या मुलाला ती काही बोलत नसे. तुम्ही आयुष्यभर खीर खाल्लीत ती दुसऱ्यांच्या आईवडिलांसाठी. स्वतःच्या घरी, स्वतःच्या वाटीत, आजार कळल्यापासून एकदाही नाही. तुम्ही गेल्यावर बाकी सगळं धूसर झालं, ती खिडकी तेवढी राहिली.

आता परवाचं. हल्ली मराठी गुरुजी मिळणं कठीण झालं आहे. एक आहेत, पन्नाशीचे, स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून चालत येतात. मोठे विनोदी. आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. "काका, तुमच्याकडे येतो, पण एक ऐका. पितर तुमचे, शुगर माझी. खिरीत साखर नको आणि पान दीड वाजता पडलं पाहिजे, गोळी घेऊन निघालेला असतो." मी हसलो, बरं म्हणालो. सूनबाईने लगेच ठरवलं. "चिनी बिलकुल घालणार नाही, बाबा. मनुका आणि थोडा खजूर, बस. तुम्हालाही चालेल." किती शहाणी मुलगी. तुमच्या वेळी एखाद्या यजमानाने एवढं विचारलं असतं तर, असं त्याच क्षणी माझ्या मनात यायला हवं होतं. आलं ते निराळंच. वर्षातून एकदा अण्णांचं पान, आणि त्यातही पथ्याची खीर?

दुपारी बाराच्या सुमाराला सूनबाई सोवळं नेसायला गेली. खीर चुलीवरून उतरवून ठेवलेली होती. मी साखरेचा डबा काढला आणि मुठीने घातली. ढवळली, पुन्हा घातली. खरंच सांगतो, त्या वेळी डोळ्यांसमोर तुमची खिडकी होती.

दीडला पान पडलं. गुरुजींनी सगळं साग्रसंगीत केलं आणि मौन धरून जेवायला बसले. बिनसाखरेची म्हणून निर्धास्तपणे त्यांनी वाटी उचलली. पहिल्या घोटाला त्यांचा हात थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णा, ती नजर मी ओळखतो. साहेबांच्या घरी मी ती बाजूने पाहिली होती, परवा समोरून पाहिली. बोलायची सोय नाही, टाकायची सोय नाही. मी जमिनीकडे बघत राहिलो. त्यांनी वाटी संपवली. आणि मग मी काय केलं? भांडं घेऊन वाकलो. त्यांचा हात आडवा येईपर्यंत दुसरी वाटी भरलेली होती. शेवटी मी हात जोडून विचारलं आणि ते म्हणाले, तृप्त झालो. निघताना पायात चपला घालताना सूनबाईला म्हणाले, "वहिनी, पितर खूश. डॉक्टरांचं बघू." तिला वाटलं, थट्टा करताहेत.

संध्याकाळी त्यांच्या घरून फोन आला. शुगर भलतीच चढली होती, डोकं धरून बसले होते, सारखं पाणी मागत होते. त्यांची बायको विचारत होती, खिरीत काय होतं? सूनबाई म्हणाली, "देवाची शपथ, काकू, मी दाणाही नाही घातला." फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा उतरलेला. "बाबा, खजूर जास्त झाला असेल का हो? माझंच चुकलं. आधी कुणाला विचारायला पाहिजे होतं." ती स्वतःच्याच हातावर शंका घ्यायला लागली, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. सांगितलं. साखर मी घातली. तिने विचारलं, "क्यूं, बाबा?" घाबरली की ती हिंदीत जाते. मी म्हणालो, अण्णांसाठी. खिडकीची सगळी गोष्ट सांगितली. अगदी दूध आटल्याच्या वासासकट, चांगली रंगवून सांगितली. मला ते येतंच.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रागवायच्या ऐवजी पदराने डोळे पुसत तिने गुरुजींच्या घरी फोन लावला. डॉक्टर येऊन गेले होते, औषध वाढवून दिलं होतं, आकडा उतरायला लागला होता. गुरुजी स्वतः फोनवर आले. मी म्हणालो, "गुरुजी, माझा मोठा अपराध झाला." तर त्यांचा थकलेला आवाज, पण हसरा. "काका, पहिल्या घोटाला कळलं होतं. म्हटलं, वडील मुलाच्या घरी जेवायला आलेत, मध्ये मी कोण बोलणारा?" काल ते फिरायलाही गेले म्हणे. सूनबाई कालपासून माझ्याशी फारच मऊ वागते आहे. काल सकाळी सुई टोचली, माझा आकडा बघितला, तो बराच वर होता. तीच म्हणाली, "श्राद्धाचं जेवण, बाबा. होणारच." मी मान हलवली.

मला माफ करायला मी तिला एक कारण दिलं आणि तिने माफ केलं. गुरुजींनीही केलं. दोघांनी जे माफ केलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं, आणि राहिलेलं सांगायला माणूस म्हणून तुम्हीच उरलात. हे पत्र कुठे जायचं नाही. ती यायच्या आत फाडून टाकीन. तुम्हाला तेवढं ऐकवतो.

साखर घालून झाल्यावर मी खीर चाखली. श्राद्धाचं अन्न, ब्राह्मणाच्या आधी, तुमच्या आधी. साखर बेताची झाली का ते बघायला म्हणून एक चमचा. मग दुसरा. मग मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि वाटी घेतली. गरम होती, जीभ भाजली, तरी संपवली, आणि पुन्हा भरली. तेव्हा खिडकी आठवली नाही, अण्णा. तुम्हीही आठवला नाहीत. स्वयंपाकघरात मी एकटा होतो. मला आग्रह करायला तिथे कुणीही नव्हतं.