अर्ध्या पानातला माणूस

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. कशेळ्याच्या तुमच्या खोलीतला ओटा मात्र आठवतो. शाळा सुटली की मी तिथं इंग्रजी शिकायला यायचे. तुम्ही भाकऱ्या थापताय आणि मी पाटावर बसून उतारा वाचतेय. ‘समराइज’ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मी छातीठोकपणे अर्थ सांगितला होता, “उन्हाळ्यात उठणे.” तुम्ही इतक्या हसलात की तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणालात, “थोडक्यात सांगणं गं. मोठं असेल ते लहान करायचं, पण त्यातला जीव जाऊ द्यायचा नाही.”

तो उतारा पुराचा होता. मी नदीचं नाव, पुलाची लांबी, पाऊस किती, सगळं नेटकं आटोपशीर लिहिलं. वाचता वाचता तुमचा चेहरा बदलला. “आणि वाहून गेलेला म्हातारा?” मी म्हटलं, “तो एकाच वाक्यात होता, बाई.” “म्हणून गाळलास? पूल ठेवलास आणि माणूस टाकलास?” तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी मी आमच्या वाडीपर्यंत रडत गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच जवळ बसवून सांगितलंत, की समराइज करणाऱ्यानं काय टाकलं ते वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही, म्हणून हे काम विश्वासाचं. पुढे तुम्ही आजारी पडलात, दुखणं वाढत गेलं, आणि दहावीचा निकाल सांगायला मी आले तेव्हा तुम्ही नव्हतात.

मी शिकले. हायवेलगतच्या एका कारखान्यात सेफ्टीच्या ऑफिसात लागले. गेल्या पावसाळ्यानंतर तिथं टाकी साफ करायला उतरलेला एक कंत्राटी कामगार आत गुदमरून मेला. डोंगरावरच्या वाडीतला, अगदी तरणाताठा माणूस. त्याच्यासोबत कामावर असलेल्या जोडीदाराचा जबाब मी घेतला, कारण त्याचं बोलणं ऑफिसात मलाच नीट कळत होतं. तो म्हणाला, “आमी सांगितलं व्हतं मॅडम, आत वास येतोय, डोकं गरगरतंय. त्यानं मास्क मागितला. मुकादम म्हणला, कशाला, दोन मिनटाचं काम हाय. उतर, नायतर उद्यापास्नं येऊ नको.” एवढं सांगून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

साहेब म्हणाले, “समराइज करा. अर्धं पान. वर पाठवायचंय.” मी केलं. मास्कचं आणि मुकादमाचं वाक्य ठेवलं. साहेबांनी त्यावर पेनानं आडवी रेघ मारली. “हे ऐकीव आहे. फॅक्ट तेवढे ठेवा.”

“ऐकीव नाही सर, तो तिथंच उभा होता.”

“तुमचं काम समराइज करायचं, बाजू घ्यायची नाही.”

मग उरलं ते इतकंच, की कामगार मास्क न लावता टाकीत उतरला. बाई, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली.

रविवारी मी त्याच्या वाडीवर गेले. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. “तुमी हापिसातल्या ना? काय लिवलं त्यांच्याबद्दल?” मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. “म्हंजे चूक त्यांचीच झाली?” तेव्हा मात्र मी जोडीदाराचं बोलणं अख्खं सांगितलं, जसंच्या तसं. तिनं मान वळवून आत सासूला हाक मारली, “आत्या, ऐकलंस का गं? मागितला व्हता त्यांनी. मागितला व्हता.” आतून म्हातारीचं रडणं ऐकू आलं.

सरकारी अधिकारी चौकशीला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, लेखीही दिलं. पण तोवर जोडीदारानं जबाब फिरवला होता. मी त्याला गेटवर गाठलं तर म्हणाला, “मॅडम, माजी पोरं बारकी हायेत.” चौकशीत ते अर्धं पानच ग्राह्य धरलं गेलं. मला साहेबांनी बोलावून, अगदी गोड शब्दांत, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आणि हे लिहून तरी कुठं पाठवू? तुमच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे.

आईला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, बाई. ती अजून पहाटे उठून माझा डबा भरते. मी तो घेऊन नेहमीच्या जीपनं कर्जतला जाते आणि स्टँडवरच्या बाकावर दिवसभर बसून राहते. संध्याकाळी ती विचारते, “कसा गेला गं दिवस?” मी म्हणते, “बरा गेला.”