लाल फीत

सातपूर, मार्च २००४

दादा,

सकाळपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालतेय. बाहुलीचा एक डोळा रंगवला, दुसरा काही होत नाही.

रविवारी तू इथे आलास. आमच्या या बाहुल्या बनवणाऱ्या गटात कुणाला आवाज सोसत नाही, कुणाचे शब्द अडकतात, माझे तर घशातच राहतात. म्हणून दाराशी फितींची टोपली ठेवलीय. हिरवी बांधलेल्याशी बोलायचं. लाल बांधलेल्याच्या शेजारी बसायचं, पण काही विचारायचं नाही. तुला वाटलं, पाहुण्यांचा मान असेल. तू लाल उचललीस आणि मनगटाला बांधलीस!

मग कोण बोलणार तुझ्याशी? लासलगावच्या कांदा लिलावात ओरडणारा तू, तासभर माझ्याजवळ गप्प होतास. आपले वडील, अण्णा, वारल्यापासून "रडत का नाहीस? बोल की काहीतरी!" एवढंच ऐकवत आलास. त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्याशेजारी बसून मी बाहुलीचे दोन्ही डोळे रंगवले.

तू मात्र चिडून उठलास. "पाणीसुद्धा विचारत नाहीत, कसली माणसं ही!" गेटवर आमच्या गटातल्या मैनाने फितीचा अर्थ सांगितला, तेव्हा ती न सोडताच निघालास.

काल वहिनीचा फोन आला. "उज्वला, काय बांधलं गं ह्यांच्या हाताला? सोडू देईनात. अण्णांच्या खाटेवर बसून राहतात नुसते."

जेवतोस का, झोपतोस का, रडलास का, किती विचारायचंय! पाकीटही आणलंय. पण हे पत्र टाकणार नाही. लाल फीत बांधलेल्याला आम्ही काही विचारत नाही.

शनिवारी येतेय. नुसती शेजारी बसायला.

उज्वला