कोहाडीहच्या पाटीखालची जागा

सेक्टर ५, भिलाई

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र लिहायला बसले म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतोस आणि वहिनीसकट अख्खं नागपूर ऐकतं. हे फक्त तुला सांगायचं आहे. मी जळतेय रे. गुडघ्यांना तेल चोळायच्या या वयात तुझी आम्री एका लोखंडी पाटीवर जळते आहे.

झालं असं, की कारखाना आणि सेक्टर उभे राहताना जी गावं उठली, त्यांच्या नावाच्या पाट्या इथे लावायला सुरुवात झाली आहे. खुर्सीपारला वळताना पाण्याची टाकी लागते ना, तिच्याजवळ निळी पाटी लागली, इथे पूर्वी कोहाडीह गाव होतं म्हणून. आणि कोहाडीह कोणाचं? आमच्या विहीणबाईंचं! सुमेधच्या सासूबाई, सुखबती. पाटी लागली त्या दिवशी त्यांच्याकडची माणसं दुर्गहून टेम्पो भरून आली. बायकांनी पाटीच्या पायाशी तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा चौक काढला, नारळ फुटला, आणि विहीणबाई खांबाला मिठी मारून हमसून हमसून रडल्या. खांबाला, दादा! गाव उठलं तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या, त्यांना काय आठवणार? मी तिथे नव्या साडीत प्रसादाचं ताट धरून उभी. चेहऱ्यावर हसू आणि पोटात आग.

त्या आगीत तेल ओतलं गुंजनने. सुमेधच्या या पोरीला न्हाऊमाखू मी घातलं, तिच्या तोंडात मराठीचे जे काय चार शब्द आहेत ते माझ्यामुळे. तिने पाटीशेजारी फोटो काढला, शाळेत दाखवला, आणि आता कोणीही विचारलं की सांगते, हमारा गाँव कोहाडीह. हमारा! सगळं करायला आजी आणि गाव नानीचं. परवा जेवताना मला विचारते, "आजी, तेरे गाँव का बोर्ड कहाँ है?" सुमेध म्हणाला, भंडाऱ्याकडे. मी भात कालवत बसले.

काय सांगणार तिला? भंडाऱ्याकडचं ते गाव बाबांनी कधी आपलं म्हटलंच नाही. आई एकदा उन्हाळ्यात तिकडे जाऊ म्हणाली, तर कोक ओव्हनच्या भट्टीवर ड्यूटी करून आलेले बाबा घामेजल्या सदऱ्यातच ओरडले होते, "त्या गावाचं नाव कायले काढतं? तिथं आपल्याले विहिरीवर चढू देत नव्हते." पुन्हा विषय निघाला नाही. इथे कारखान्यात त्यांना हजेरीचा टोकन नंबर मिळाला, आणि नंबराला कोणी जात विचारत नाही, हे ते शेवटपर्यंत कौतुकानं सांगायचे. म्हणजे बघ, गाव गेलं म्हणून विहीणबाई चारचौघांत रडू शकतात. आपल्या घरी गाव सुटलं म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. मी कशाला मिठी मारू?

मग एका संध्याकाळी एकटीच पाटीपाशी गेले आणि डोक्यात लख्ख झालं. आई आपल्याला आपली जुनी जागा इथेच तर आणून दाखवायची! बाबा कारखान्यात लागले तेव्हाची आपली चटईची झोपडी पाटीमागून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे होती, गाव उठल्यावर मोकळ्या पडलेल्या जमिनीवर. विदर्भातून आलेल्या आपल्या लोकांची रांगच्या रांग होती तिथे. माझा जन्म तिथला. क्वार्टर मिळालं तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तू दहाचा. विहीणबाई त्या मातीवरून कडेवर बसून निघून गेल्या, मी तिच्यावर रांगले, धावले, पडले. आणि पाटी त्यांची!

हे सगळं मी भांडायच्या तयारीनं विहीणबाईंना ऐकवलं. वाटलं, नाक मुरडतील, म्हणजे मला मनसोक्त राग धरता येईल. तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "समधिन, तुँहरो बस्ती के नाँव लिखवा लेव, खाल्हे अब्बड़ जगा हे." तुमच्याही वस्तीचं नाव लिहून घ्या, खाली पुष्कळ जागा आहे. नुसतं बोलून थांबल्या नाहीत, वॉर्डातल्या लोकांना विचारून पेंटरही ठरवून आल्या. आता त्यांच्या गावावर जळू की मनाच्या मोठेपणावर, तूच सांग.

पेंटर महिनाअखेरीस येणार आहे. आणि दादा, मला आपल्या त्या वस्तीचं नावच आठवत नाही. आईबाबा नाहीत, शेजारचे शामरावही गेले, विचारायला तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. त्यासाठीच हे पत्र. गुंजन त्या दिवशी रंगाचा डबा धरणार म्हणते आहे, तिच्यासमोर मी विहीणबाईंच्या शेजारी तोंड मिटून उभी राहणार नाही. लगेच लिही. आणि तुलाही आठवत नसेल, तर तसं मला मुळीच कळवू नकोस. एखादं चांगलं नाव ठरव, आणि आपण तिथलेच, असं छातीठोकपणे लिहून पाठव. खरं की खोटं, ते मी तुला कधी विचारणार नाही.

तुझीच,
आम्री