जास्तीचं एक गुणसूत्र

३ मार्च, सोमवार

दुपारी ठकूचा फोन, ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून. मागे भिंगं घासायच्या मशीनची घरघर. "आई, रक्ताचा रिपोर्ट आलाय. कायद्याने सांगत नाहीत, पण त्यातल्या एक्सवरून कळलंच, मुलगी आहे!" माझा आनंद घशातून बाहेर पडायच्या आत पुढचं वाक्य – "पण काहीतरी जास्त आहे म्हणतात. एक एक्स जास्त."

जास्त! माझ्या लेकीला चौथा महिना लागतोय आणि बाळात काहीतरी जास्त. कमी असतं तर निदान कळलं असतं, काय भरून काढायचं ते. जास्तीचं काय करायचं?

ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "जास्तच आहे ना? मग रडतेस कशाला?" पण त्यानंतर अर्धा तास पान काही उलटलं नाही.

६ मार्च, गुरुवार

दवाखान्यात गेलो – ठकू, जावई, मी. समुपदेशक बाई ठकूहूनही लहान असाव्यात. कागदावर काड्या काढून दाखवल्या. गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. शेवटच्या जोडीत बाईचे दोन एक्स. इथे तीन दिसताहेत. अशा मुली कधी उंच होतात, कधी उशिरा बोलतात, कुणाला अभ्यास जड जातो. कित्येकींना तर आयुष्यभर कळतही नाही. "पण रक्ताचा रिपोर्ट म्हणजे नुसता अंदाज हं. खात्री सुईने काढलेल्या पोटातल्या पाण्याच्या तपासणीनंतरच."

जावई शाळेची बस चालवतो. पन्नास पोरांच्या गोंगाटात ढिम्म असतो. आज हातातलं पेन तीनदा पाडलं.

मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारणार काय? कॉन्व्हेंटमध्ये जीवशास्त्राच्या सिस्टरने हा धडाच खळीने चिकटवून टाकला होता. अख्ख्या वर्गाची चाळीस पुस्तकं, स्वतःच्या हाताने! आम्ही किटलीच्या वाफेवर धरून पानं सोडवायला गेलो, तर अक्षरंच उचकटून आली. बिचारी सिस्टर! खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. पास होणारीला एक, नापास होणारीला दोन. कुणी का म्हणून विचारलं, तर म्हणायची, "तिला जास्त लागतात."

९ मार्च, रविवार

लिहू की नको? इथे नाही लिहायचं तर कुठे.

ठकू आली होती. दोघी मिळून चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मी म्हटलं, "बत्तीस वर्षांचीच तर आहेस. पुन्हा होईल. असं मूल जाणूनबुजून कशाला जगात आणायचं? नको ठेवूस."

असं मूल. माझ्या तोंडून!

तिने आपली टोकं माझ्या हातात आणून दिली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "चहा टाकू का गं?" एवढंच म्हणाली.

भीतीपोटी बोलले. तिच्याचसाठी. एका पोरीला पाढे पाठ होईपर्यंत मी काय काय सोसलं ते मला ठाऊक. आता तिने तेच का सोसावं?

१० मार्च, सोमवार

तिचा फोन नाही. मीही केला नाही.

१५ मार्च, शनिवार

आली! चपला काढायच्या आधीच सुरुवात – "आई, ऐक. तपासणी करणार आहे, पण ठेवू की नको ते ठरवायला नाही. तयारी करायला. काहीही निघालं तरी ही माझी. उंच झाली तर तुझे वरच्या फळीवरचे डबे काढून देईल."

हे आतून ओरडले, "आणि उशिरा बोलली तर बरंच! बोलायला तुझी आई आहेच."

तिघंही हसलो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. बाहेर येऊन म्हटलं, "सुईच्या दिवशी मी येणार हं."

"ये की. पण तोंड पाडून बसायचं नाही."

त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागायची होती. ते राहूनच गेलं.

२४ मार्च, सोमवार

केवढी लांब सुई! ठकूने हात धरला तो जावयाचा. तिला आधार हवा म्हणून नव्हे, तोच पांढराफटक पडला होता म्हणून. पडद्यावर नात हलली. अंगठा चोखत होती. डॉक्टर म्हणाले, इतक्यात तसं नक्की सांगता येत नाही. मला येतं.

२ एप्रिल, बुधवार

लोकरीचे मोजे विणायला घेतले. तीनदा उसवले. टाके मोजताना लक्षच लागत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

दोनच एक्स! बाळ अगदी ठीक! ह्यांनी जिन्यात भेटेल त्याला, कुणी न विचारता, सांगितलं – "आमची नात ठणठणीत आहे." पोस्टमनलाही सोडलं नाही.

ठकू मात्र म्हणाली, "तीन निघाले असते तरी ठीकच होती की, बाबा." हे पुन्हा वर्तमानपत्राच्या आड गेले.

समुपदेशक बाईंनी आता ठकूचं स्वतःचं रक्त घेतलंय. आधीच्या तपासणीत आई आणि बाळ दोघींचा अंश मिसळलेला असतो म्हणे, तेव्हा जास्तीचं दिसलं ते कुणाचं, हे बघायला हवं. बघू देत. मशीनच चुकलं असणार, दुसरं काय?

२४ एप्रिल, गुरुवार

मशीन चुकलं नव्हतं. तिसरा एक्स ठकूचा आहे. जन्मापासूनचा.

फोनवर हसत होती. "आई, 'असं मूल' मीच निघाले की गं!" मग जरा थांबून – "तेव्हा तुला कुणी सांगितलं असतं, तर?"

ह्याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही. हे कुलूप घेऊन दारात उभे आहेत. निघते.